बर्फाळ मुलखातील नळयोजना आणि ती बांधणारी छोटी कंपनी



या सदरातून आम्ही आजवर बेणेप्रक्रिया, लागणीचे अंतर, खोडव्याची निगा, ठिबकचे फिल्टर असे विषय मांडत आलो. या अंकातला विषय उसाचा नाही, पाइपलाइनचा आहे. आणि पाइपलाइन म्हटली की आपल्या कार्यक्षेत्रात सगळ्यांचे कान टवकारतात. गट सभेत उपसा योजनेची गोष्ट निघाली की पाइप किती इंची, मोटार किती हॉर्सपॉवरची, अनुदान किती टक्के, यावर तास-तास चर्चा रंगते. योजना सुरू झाल्यावर ती चालवणार कोण आणि जळालेली मोटार कोणत्या पैशातून भरून आणणार, हे मात्र कोणीतरी चहा झाल्यावर, उठता उठता विचारतो. त्या उठता उठता विचारलेल्या प्रश्नासाठी आम्ही मुद्दाम फार लांबचे उदाहरण घेतले आहे. ते आहे अलास्कातील मूलनिवासी लोकांच्या गावांचे.

अलास्का हे अमेरिकेचे क्षेत्रफळाने सर्वांत मोठे राज्य. आपल्या महाराष्ट्राच्या साडेपाच पट क्षेत्रफळ, आणि माणसे २०२० च्या शिरगणतीप्रमाणे सुमारे ७ लाख ३३ हजार. आपल्याकडे दोन-तीन मोठ्या तालुक्यांत मिळून एवढी वस्ती सहज भरते. उत्तरेच्या समुद्रकाठी इनुपियाक, पश्चिमेला युकॉन व कुस्कोक्विम या दोन नद्यांच्या मुखाच्या दलदलीत युपिक, आतल्या जंगलपट्ट्यात अथाबास्कन, असे तिथले मूळचे लोक. मासेमारी, शिकार, रानातली बोरे-फळे यांवर निम्मा संसार. त्यांची दोनशेहून अधिक गावे आहेत, आणि त्यांतली कित्येक दोन-चारशे वस्तीची. बहुतेक गावांना सडक नाही. उन्हाळ्यात बोट, एरवी छोटे विमान, आणि हिवाळ्यात नदी गोठली की नदीवरूनच गाड्या चालतात.

आपल्या वाचकांना आवर्जून सांगण्याजोगी एक गोष्ट आहे. हे लोकही भागधारक आहेत. डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदा करून त्यांच्या जमिनीच्या दाव्यांचा निकाल लावला. ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि ९६ कोटी २५ लाख डॉलर त्यांना मिळाले, पण ते टोळ्यांच्या नावे न देता त्यासाठी काढलेल्या कंपन्यांच्या नावे दिले. प्रत्येक विभागाची एक कंपनी आणि त्याखाली गावोगावच्या कंपन्या. नाव नोंदवलेल्या प्रत्येकाला विभागीय कंपनीचे १०० शेअर मिळाले. हे शेअर बाजारात विकता येत नाहीत. आपल्या शेअरसारखेच म्हणा ना, घरात राहतात, वारसाकडे जातात. पुढे यांतल्या काही कंपन्यांनी बांधकामाचे धंदेही काढले. गावची नळयोजना मात्र या कंपन्यांच्या मालकीची नसते. ती नगरपरिषदेची किंवा टोळीच्या पंचायतीची असते. हा फरक ध्यानात ठेवावा, कारण पुढचे सगळे दुखणे मालकीपाशी येऊन थांबते.

नळ नसलेल्या गावात काय चालते ते पाहू. गावात एक सामाईक इमारत असते, तिला वॉशेटेरिया म्हणतात. तिथेच पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, तिथेच कपडे धुण्याची यंत्रे, तिथेच पैसे टाकून अंघोळ. घरी लागणारे पाणी लोक डब्यांतून, बर्फावर चालणाऱ्या गाडीला घसरगाडी जोडून वाहून नेतात. म्हातारी माणसे चहाला नदीचा बर्फ कापून आणतात, पावसाळी पाणी पिंपात धरतात. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे नळ आल्यावरही आडाचेच पाणी गोड म्हणणारे आहेत, तसेच हे. संडास म्हणजे पिशवी घातलेली एक बादली, ती भरली की बाहेर नेऊन ओतायची. या बादलीला तिकडे ‘मधाची बादली’ म्हणतात. कोणी नाव ठेवले देव जाणे, पण नाव टिकून आहे.

पाणी वाहून आणायचे म्हटले की माणूस ते जपून वापरतो. एका तस्तात पाणी घ्यायचे आणि घरातल्या सगळ्यांनी त्यातच हात धुवायचे. अशा चार गावांत नळ येण्याआधी आणि आल्यानंतर काय फरक पडला, याचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. आधी माणशी दिवसाला दीड गॅलन, म्हणजे सहा लिटरसुद्धा पाणी वापरात नव्हते. नळ आल्यावर ते २५.७ गॅलन, म्हणजे ९७ लिटरवर गेले. आपल्याकडे जलजीवन मिशनचे माप माणशी ५५ लिटरचे आहे, त्यावरून सहा लिटर म्हणजे काय ते समजावे. त्याच अभ्यासात श्वसनाच्या आजारांसाठी दवाखान्यात येणे १६ टक्क्यांनी, कातडीच्या आजारांसाठी २० टक्क्यांनी आणि पोटाच्या आजारांसाठी ३८ टक्क्यांनी घटले. पाणी पूर्वीही शुद्धच होते. फरक पडला तो हात धुवायला पुरेसे मिळाल्याचा. आम्हांला हा आकडा सगळ्यांत बोलका वाटतो.

मग पाइप पुरून मोकळे का होत नाहीत? तिथेच खरी अडचण आहे. अलास्काच्या मोठ्या भागात जमीन खाली बारमाही गोठलेली असते. तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. उन्हाळ्यात वरचा थोडा थर तेवढा वितळतो, त्याचा चिखल होतो, आणि हिवाळ्यात तो पुन्हा गोठतो. गोठताना फुगतो, वितळताना खचतो. रोवलेला खांब दरवर्षी थोडा थोडा वर उचलला जातो. अशा जमिनीत चर खोदून कोमट पाण्याचा पाइप पुरला तर पाइपच्या ऊबेने भोवतालचा बर्फ वितळतो, जमीन बसते, पाइप वाकतो. आणि ऊब दिली नाही तर पाणी गोठून पाइपच फुटतो. दोन्हीकडून मरण. म्हणून बऱ्याच गावांत पाइप जमिनीच्या वर, लाकडी किंवा लोखंडी टेकूंवर नेतात. टेकूला वर-खाली करण्याची सोय ठेवतात, कारण जमीन हलणार हे धरूनच चालायचे असते.

पाइप आपल्या ओळखीचाच, एचडीपीईचा. जोडही आपल्यासारखाच, तापलेली प्लेट दोन तोंडांना लावून वितळवायचा आणि दाबून धरायचा. पण या पाइपभोवती फोमचा जाड थर आणि त्यावर पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे आवरण असते. थर्मासच्या बाटलीसारखी रचना. तरीही उणे तीस-चाळीस अंशांत थांबलेले पाणी काही काळाने गोठतेच. म्हणून पाणी थांबूच द्यायचे नाही. आपली ठिबकची लॅटरल शेवटी बंद असते, एंड कॅप लावली की झाले. तिथे बंद टोक चालत नाही. मुख्य पाइप गावाला वळसा घालून पुन्हा पंपघरात येतो, आणि पाणी रात्रंदिवस त्या फेऱ्यात फिरत राहते. निघताना त्याला बॉयलरवरून थोडी ऊब दिलेली असते. परत येताना ते किती थंड झाले हे तापमापकावर दिसते. पंपघर चालवणाऱ्याने डोळ्यांत तेल घालून पाहायचा आकडा हाच. परतीचे पाणी नेहमीपेक्षा गार आले की समजावे, कुठेतरी आवरण फाटले, किंवा प्रवाह मंदावला, किंवा कोणाच्या तरी दारात गळती आहे.

मुख्य पाइप फिरता ठेवला, पण घरात जाणाऱ्या बारीक नळीचे काय? तीही गोठणारच. यावर एक फार सोपी युक्ती आहे. प्रत्येक घराला एकाऐवजी दोन नळ्या दिल्या जातात. मुख्य पाइपमध्ये त्यांची तोंडे वाकवून बसवतात, एकाचे तोंड प्रवाहाच्या समोर, दुसऱ्याचे प्रवाहाकडे पाठ करून. समोरच्या तोंडावर पाण्याचा दाब किंचित जास्त पडतो, पाठमोऱ्यावर कमी. तेवढ्या फरकाने पाणी एका नळीतून घरापर्यंत जाते आणि दुसरीतून परत येते. घरचा नळ बंद असला तरी फिरणे चालू. वेगळा पंप नाही, वीज नाही. अट एकच, मुख्य पाइपमधला वेग टिकला पाहिजे. ज्या कोणाला ही युक्ती सुचली त्याला आमचा नमस्कार.

उबेसाठी तेल लागते, आणि तेल तिथे महाग. बोटीने वर्षातून एक-दोनदाच येते, टाक्यांत भरून ठेवायचे आणि त्यावर हिवाळा काढायचा. गावची वीजही बहुधा डिझेल जनरेटरवर. म्हणून काही गावांत जनरेटरचे इंजिन थंड करणारे गरम पाणी वाया न घालवता नळाच्या पाण्याला ऊब द्यायला वापरतात. आपल्या कारखान्यात टर्बाइनमधून निघालेली वाफ आपण रस तापवायला घेतो, तोच हिशेब. सांडपाण्याच्या उताराचा पाइप तर आणखी नाजूक. जमीन हलली की उतार मोडतो, घाण साचते आणि साचली की गोठते. त्यामुळे काही गावांत उतारावर विसंबून न राहता यंत्राने हवा ओढून सांडपाणी खेचून घेतात.

आता ही कामे करणाऱ्याकडे वळू. कामे दोन तऱ्हांनी होतात. एक म्हणजे मूलनिवासींच्या आरोग्य संस्थेने स्वतः गावातली माणसे रोजावर लावून काम करायचे. अशी मोठी संस्था १९९७ मध्ये स्थापन झालेली ‘अलास्का नेटिव्ह ट्रायबल हेल्थ कन्सॉर्टियम’ ही आहे. दुसरी तऱ्हा ठेकेदाराची. मोठे ठेकेदार दोनशे वस्तीच्या गावाला फारसे जात नाहीत, त्यामुळे अशा कामांत छोट्या बांधकाम कंपन्यांना जागा राहते. कचेरीत मोजकी माणसे, एक-दोन खोदाई यंत्रे, पाइप जोडायची प्लेट, आणि अनुभवी मुकादम, एवढ्या बळावर अशी कंपनी उभी असते.

तिचे वर्ष कसे जाते ते पाहण्यासारखे आहे. काम मिळाले म्हणून दुसऱ्या दिवशी जेसीबी लावता येत नाही. आधी जमिनीत भोके घेऊन बर्फ किती खोल व किती आहे ते पाहायचे. मग हिवाळ्यातच मालाची यादी करायची. पाइप, टेकू, पंप, बॉयलर, झडपा, लाकूड, खिळे-मोळे, सगळे. माल सिॲटल किंवा अँकरेजहून सपाट बोटीवर, म्हणजे बार्जवर चढतो. नदीचा बर्फ साधारण मे महिन्यात फुटतो आणि ऑक्टोबरात ती पुन्हा धरते. मधल्या काळात बार्जच्या मोजक्या फेऱ्या होतात. गावाला धक्का नसतो, बार्ज काठाला नाक लावते आणि यंत्रे चिखलात उतरवावी लागतात. त्या बोटीतून एखादी वस्तू राहिली तर संपले. चार डॉलरची जोडणी छोट्या विमानाने मागवायची, हवा खराब असली तर विमान येईपर्यंत मजूर बसवून ठेवायचे, आणि वस्तू विमानात न मावणारी असेल तर पुढचा उन्हाळा. म्हणून मुरलेला मुकादम यादी तीन-तीन वेळा तपासतो आणि सुट्या भागांची जास्तीची पेटी बरोबर घेतोच. नफा-तोटा त्या यादीवर ठरतो असे म्हटले तरी चालेल.

आणखी एक उलटी गोष्ट. आपण पावसाळा टाळून काम करतो. तिथे उन्हाळ्यात जमीन इतकी मऊ होते की जड यंत्र रुतते आणि त्याच्या पट्ट्यांनी वरचे शेवाळ फाटले की खालचा बर्फ उघडा पडून वितळू लागतो. म्हणून खांब रोवण्यासारखी जड कामे पुष्कळदा हिवाळ्याच्या अखेरीस, जमीन दगडासारखी असताना उरकतात. भोक पाडायचे, खांब उभा करायचा, भोवती ओला गाळ भरायचा, तो गोठला की खांब पक्का. सिमेंटचे काम बर्फच करतो. माणसांनी राहायचे कुठे? गावात लॉज नसते. शाळेच्या खोल्यांत किंवा आणलेल्या तात्पुरत्या खोल्यांत मुक्काम, जेवणखाण सगळे आपले आपण.

यात गावच्या माणसांना काम मिळते की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा. १९७५ च्या कायद्याने मूलनिवासींसाठीच्या सरकारी पैशातल्या ठेक्यांत त्यांनाच प्रशिक्षण व नोकरीत अग्रक्रम द्यावा असे ठरले आहे. कागदावर अग्रक्रम पाळणे सोपे. गावच्या पोराच्या हातात फावडे दिले की नोंद भरली. पण आमच्या मते चांगली कंपनी ओळखायची ती त्या पोराच्या हातात जोडणीची प्लेट दिली का, झडप खोलायला बसवले का, कुठला पाइप कुठून गेला हे त्याला नकाशावर दाखवले का यावरून. कारण शेवटच्या बार्जने यंत्रे आणि मुकादम परत जातात. जानेवारीच्या रात्री पंप थांबला तर गावात जो असेल तोच धावणार. बाहेरचा मिस्त्री यायचा तर विमान, आणि विमान यायचे तर हवा चांगली. तोपर्यंत पाइप वाट पाहत नाही. मोठा भाग एकदा गोठला तर काही वेळा वसंतापर्यंत गाव पुन्हा डब्यांवर येते.

आता पैशाचे. १९५९ च्या कायद्याने अमेरिकेच्या केंद्र सरकारने मूलनिवासींच्या गावांत पाणी व सांडपाण्याच्या योजना बांधायची जबाबदारी घेतली. अलास्का राज्याने १९७० मध्ये स्वतःचा कायदा करून त्यात भर घातली. २०२१ मध्ये तर केंद्राने देशभरच्या मूलनिवासींच्या अशा कामांसाठी पाच वर्षांत साडेतीनशे कोटी डॉलर मंजूर केले, आणि त्यातला मोठा वाटा अलास्काला गेला. म्हणजे बांधायला पैसा आहे. पण तो बांधण्यासाठी आहे. बांधून झाली की योजना गावाच्या स्वाधीन, आणि चालवण्याचा खर्च मालकाचा. तेल, वीज, औषध, चालवणाऱ्याचा पगार, हे सगळे घरपट्टीतून. अनेक गावांत ही पट्टी दरमहा शंभर डॉलरच्या वर जाते. ज्या गावात रोख पैसा मिळवून देणारी नोकरी मूठभर लोकांनाच आहे आणि बाकीचे मासे-शिकारीवर जगतात, तिथे ही रक्कम जड आहे. थकबाकी वाढते. नळ तोडायचा म्हटले तर तेही सोपे नाही. त्या घराच्या दोन्ही नळ्या आधी रिकाम्या कराव्या लागतात, नाहीतर गोठून फुटतात आणि नुकसान सगळ्यांचे.

चालवणाऱ्याचा पगारही यातूनच. तो पुष्कळदा अर्धवेळ असतो. परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यायचे, रात्री-बेरात्री उठायचे, आणि पगार बेताचा. चांगला तयार झालेला माणूस शहरात किंवा जास्त पगाराच्या कामावर निघून जातो. आपल्या उपसा संस्थांचे पाटकरी आणि ऑपरेटर का टिकत नाहीत हे आम्ही वेगळे सांगायला नको. यावर तिथल्या काही गावांनी एकत्र येऊन मार्ग काढला आहे. बिले काढणे, वसुली, हिशेब आणि चालवणाऱ्याचा पगार ही कामे त्यांनी आरोग्य संस्थेच्या एका सामाईक व्यवस्थेकडे सोपवली. गाव पैसे देते, संस्था वसुली आणि देखभाल बघते. ‘आपला माणूस आहे, कसे मागू’ हा संकोच त्यामुळे राहत नाही. आम्हांला हा भाग विचार करण्याजोगा वाटतो, कारण आपल्याकडे संस्थेच्या सचिवाला भावकीतच वसुली करावी लागते.

सगळे एका ठिकाणी असण्याचाही धोका आहे. कुस्कोक्विम नदीकाठच्या तुलुकसाक या काही शे वस्तीच्या युपिक गावात जानेवारी २०२१ मध्ये वॉशेटेरियाला आग लागली. पाणी शुद्ध करण्याचे यंत्र त्यातच. घरोघर नळ नव्हतेच, होता तो एकच स्रोतही भर हिवाळ्यात गेला. बाटलीबंद पाणी विमानाने आणावे लागले.

आणि आता तर पायाखालचीच जमीन बदलते आहे. हवामान तापल्याने पर्माफ्रॉस्ट खोलवर वितळू लागला आहे. उत्तर किनाऱ्यावरच्या पॉइंट ले गावाचे पिण्याच्या पाण्याचे तळे २०१६ मध्ये काठाखालचा बर्फ वितळल्याने रिकामे झाले. वर्षानुवर्षांचे तळे वाहून गेले. पश्चिमेकडच्या न्यूटॉक गावाचा काठ नदीने इतका खाल्ला की गावकरी २०१९ पासून मर्टार्विक या नव्या जागी जाऊ लागले आणि २०२४ मध्ये जुने गाव मोकळे झाले. अशा गावात नवी नळयोजना घालायची की नाही, याचे उत्तर कोणत्याच इंजिनिअरच्या कोष्टकात नाही. गाव राहणार नाही म्हणून पैसा नाही, आणि पाणी नाही म्हणून गाव राहत नाही, या फेऱ्यात लोकांची वर्षे जातात.

पुढील अंकात उपसा योजनेच्या वार्षिक चालू खर्चाचा तक्ता कसा मांडावा हे देणार आहोत. त्यात वीजबिल, दुरुस्ती, ऑपरेटरचा पगार आणि मोटार-पाइपच्या घसाऱ्याची तरतूद वेगवेगळी दाखवू. ज्या सभासदांच्या योजना चालू आहेत त्यांनी मागील तीन वर्षांची वीजबिले, दुरुस्तीच्या पावत्या आणि पाणीपट्टीच्या मागणी व वसुलीचे आकडे आपल्या गट कार्यालयात आणून द्यावेत. नावे छापली जाणार नाहीत. बंद पडलेल्या योजनांचे आकडेही हवेत, किंबहुना तेच आधी हवेत.